अर्धी वाघर

धनगराला गोल म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. त्याची भाकरी गोल, भंडाऱ्याची वाटी गोल, ढोल गोल आणि ढोलावर नाचायला उभी राहिलेली माणसंही गोलच. मधे खुंटी ठोकावी, तिला दोरी बांधावी, दोरी ताणून धरत एक फेरा मारावा. पायाखाली जो माग उमटतो त्याची कुठलीही जागा खुंटीपासून सारखीच लांब. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. पण ठाऊक असण्यालाही शीव असते. आपल्या शिवेपलीकडे गेलं की भला शहाणाही चाचपडतो आणि वर म्हणतो, मला सगळं दिसतंय. मायाक्काच्या घरात तसंच झालं. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे एकमेकांवर पापच लावत सुटणार आहेत.

मायाक्का ही धुळाप्पा धनगराची बायको. मंगळवेढ्याच्या बाजूला माळावर त्यांचं गाव. सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेला त्याच्या आदल्याच वर्षी धुळाप्पा वारला आणि दोन मुलगे, थोरला बिरप्पा आणि धाकटा गुंडा, मेंढरं घेऊन फिरू लागले. दसरा झाला की निघायचं, काळ्या रानातून शेतं बसवत जायचं, पाऊस तोंडावर आला की परत. शेत बसवायचं म्हणजे दिवसभर चारलेली मेंढरं रात्री एखाद्याच्या शेतात कोंडायची. सकाळी शेताला खत आणि धनगराला ज्वारी. मेंढरं कोंडायला जे जाळं लागतं ती वाघर. अंबाडीच्या दोरीची ती वाघर धुळाप्पानं आणि मायाक्कानं मिळून विणली होती, दोन हिवाळे बसून.

धुळाप्पा होता तोवर वाघर लावायचं काम दुसऱ्या कुणाला देत नसे. मधे खुंटी, खुंटीला दोरी, एक फेरा आणि त्या फेऱ्यावर वाघर ताणून बांधायच्या मेढी ठोकायच्या. गुंडानं लहानपणी एकदा कंटाळून चौकोनी वाघर लावली तेव्हा बापानं ती उपटून टाकली. "कोपरा ठेवलास की लांडग्याला घर दिलंस," तो म्हणाला. "मेंढरू भ्यालं की कोपऱ्यात घुसतंय आन तितंच चेंगरून मरतंय. आन बघ, हीच वाघर चौकोनी लावली तर मेंढरं दाटत्यात. गोल लाव, ऐसपैस बसतील." गुंडानं गोल लावली आणि मेंढरं खरोखरच ऐसपैस बसली. तेवढ्या वाघरीत सहा विसा मेंढरं, त्यांची कोकरं आणि शिवाय धुळाप्पाची घोंगडी पसरायला जागा राहायची.

मायाक्काला आपल्या हाताचा अभिमान होता. भाकरी मोडली तर दोन तुकडे असे की कुठला मोठा ते सांगता येऊ नये. लेकरं लहान असताना दोघंही आईच्या हातून मोडून घ्यायची, कारण तिथं भांडायला जागाच नसे. "माझ्या हातात तराजू हाय," असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं.

त्या वर्षी दसऱ्याला घरात वाजलं. गुंडाची बायको कस्तुराबाई गरोदर होती, दिवस भरत आले होते. तिचा भाऊ सोलापुरात गिरणीत होता, म्हणून गुंडाचं म्हणणं की यंदा लांब जायचं नाही, सोलापूरच्या आसपासची शेतं बसवू. बिरप्पा म्हणाला, वैरागकडची शेतं बापाच्या वेळेपासून ठरलेली, तिथं लोक वाट बघतात, शब्द मोडता येणार नाही. दोघांचंही खरं होतं आणि असं भांडण सगळ्यांत वाईट. त्यात बिरप्पाची बायको बाळाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या बोलून गेली, "आमी काय पोटुशी ऱ्हायलो न्हाय? मेंढरामागं चालत चालत बाळंत झालो की." बोलणं चुलीतलं, पण धूर घरभर झाला. दोन दिवस भाऊ भावाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मायाक्का म्हणाली, "रोज उटून तोंड फिरवण्यापरीस वाटणी करा. ज्याला जिकडं जायचं तिकडं जाऊ द्या. दोघं गोडीनं ऱ्हावा, म्हंजे झालं."

पंच बोलवायला तिनं नको म्हटलं. तिच्या हातात तराजू असताना पंच कशाला? मेंढरं तिनं जोडीजोडीनं लावली, गाभणीला गाभण, पाठीला, म्हणजे अजून न व्यालेल्या मेंढीला, पाठ, आणि एक इकडे एक तिकडे केली. घोडं बिरप्पाला, कारण त्याला लांब जायचं. त्याच्या बदल्यात गुंडाला दोन कुत्री. मग वाघर आली. पाऊसभर ती मायाक्काच्या खोपटात आढ्याला टांगलेली होती.

"वाघर तोडू नगं, आये," बिरप्पा म्हणाला. "गुंडाला ऱ्हाऊ दे. मी बघंन कायतरी."

"आन एकाला अख्खी, एकाला काय न्हाय, असं माझ्या हातनं व्हायचं न्हाय," मायाक्का म्हणाली. "उद्या लोक म्हणतील, म्हातारीनं धाकट्याचं केलं."

तिनं दोन्ही मुलांना वाघरीची दोन टोकं धरायला लावली. टोकाला टोक लावून वाघर दुमडली. जिथं दुमड पडली तिथं लोकर कातरायच्या कातरीनं एकेक दोरी कापत गेली. निम्मी मेंढरं, निम्मी वाघर. ह्यात चूक कुठं आहे, असं तुम्हांलाही वाटेल. तिला तर वाटलंच.

सोलापूरपर्यंत दोघं एकत्रच आले, कारण वाट तीच. रस्त्यात ओळखीच्यांच्या दगडी कोंडवाड्यांत मेंढरं कोंडली. वाघर पहिल्यांदा लागली ती सोलापूरजवळच्या बाळे गावच्या शिवारात. तिथं एका शेतात गुंडा, शेजारच्या शेतात चार दिवस थांबून पुढं जाणारा बिरप्पा. कस्तुराबाईच्या बाळंतपणासाठी मायाक्का गुंडाकडे राहिली.

दिवस मावळायला गुंडानं मधे खुंटी ठोकली, बापासारखा फेरा मारला, मेढी रोवल्या, वाघर ताणली. मेंढरं आत घालू लागला. घालता घालता आत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि बाहेर अजून मेंढरं उभीच. त्यानं काठीनं आतली मेंढरं सरकवली. ती एकमेकांच्या पाठीवर चढू लागली. कोकरू चेंगरून ओरडलं. गुंडानं हात टेकले आणि आईकडे बघितलं.

"आये, हे कसं?"

"नीट लावली न्हाईस," मायाक्का म्हणाली. तिनं स्वतः मेढी हलवून लावल्या. वाघर तेवढीच राहिली आणि मेंढरंही तेवढीच बाहेर राहिली.  मग गुंडाच्या मनात जे आलं ते कुणाच्याही मनात आलं असतं.

"थोरल्या आण्णानं टोक धरलं होतं," तो म्हणाला. "वडून धरलं असंल."

सकाळी तो आपली वाघर खांद्यावर टाकून बिरप्पाच्या शेतात गेला. मायाक्का त्याच्या मागोमाग धावत गेली. तिथं बघतात तो बिरप्पाचीही तीच गत. रात्रभर निम्मी मेंढरं वाघरीबाहेर, बिरप्पा आणि बाळाबाई दोन बाजूंना जागत बसलेले, डोळे लाल. गुंडाला बघताच बिरप्पा म्हणाला, "बरं झालं आलास. तुझ्याकडं जास्तीची गेलीया."

"माझ्याकडं?" गुंडा म्हणाला. "मीच तुला इचारायला आलोय."

दोन्ही वाघरी जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. टोकाला टोक लागलं. इकडे बोटभर जास्त नाही, तिकडे बोटभर कमी नाही. मायाक्काच्या हातानं कापलेलं होतं ते. क्षणभर तिला बरं वाटलं. पण मुलांचे चेहरे बघून ते बरं वाटणं तिथंच विरलं. दोन्ही तुकडे सारखे, आणि दोन्ही अपुरे. मग उरलेलं कुठं गेलं? जी वाघर गेल्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्या मेंढरांना पुरून उरत होती, ती दोघांत वाटल्यावर दोघांनाही कशी पुरत नाही? कुणीतरी मधला तुकडा आधीच काढला, एवढंच उत्तर उरतं. आणि पाऊसभर वाघर कुणाच्या खोपटात होती?

विचारलं बिरप्पानं. आवाज चढवला नाही. "आये, तू तुझा वाटा काढून ठिवलास व्हय? ठिवला असलास तर सांग. आईचा वाटा असतोयच की. पर न सांगता कशाला?"

ह्यात त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. वाटणीत म्हातारीचा वाटा बाजूला काढायची रीत आहेच. कुणी मागून घेतं, कुणी न सांगता काढतं. पण मायाक्काच्या कानात ते उकळत्या तेलासारखं गेलं. जिनं जन्मभर भाकरीचा तुकडा स्वतःकडे मोठा घेतला नाही, तिला तिच्या दोन्ही मुलांनी एकाच वेळी चोर म्हटलं. आणि दसऱ्यापासून ते दोघं कशावर एकत्र आले असतील तर ते ह्याच्यावर.

 तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, हळद तळहातावर घेतली आणि दोघांसमोर हात धरला. "बिरोबाचा भंडारा उचलून सांगते. दोरीचा एक धागा मी घेतला न्हाय. घेतला असंल तर माझं बरं होऊ नये." भंडारा उचलल्यावर धनगर पुढं बोलत नाही. मुलांनी माना खाली घातल्या. पण मान खाली गेली म्हणून मनातलं जात नाही. भंडारा एक सांगत होता आणि वाघर दुसरं सांगत होती.

ह्या दोहोंच्या कात्रीत बाळाबाई सापडली. आईनं घेतली नाही, भावानं घेतली नाही, म्हणजे खोपटात कोण येत-जात होतं? गुंडानं तिच्याकडे असं बघितलं की बिरप्पाला ते कळलं. त्याच दुपारी बिरप्पानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि वैरागची वाट धरली. जाताना आईच्या पाया पडला, भावाशी बोलला नाही. वैरागकडे बोराटीचं रान होतं. वाघर अपुरी पडली तिथं त्यानं काट्याचं कुंपण घातलं आणि त्याचं निभावलं.

गुंडाला काटे कुठले? सोलापूर जवळ असण्याची ही किंमत. गावाभोवतालची बाभळ न बोर कधीच तुटून, मोळ्या बांधून नव्या पेठेकडे सरपणाला गेली होती. चहूकडे उघडं काळं रान. पहिल्या आठवड्यातच लांडग्यानं बाहेर राहिलेली एक पाठ उचलली. मग गुंडानं तोड काढली. वाघरीची दोन टोकं जुळवायचीच नाहीत. मेढी थोड्या लांब लांब रोवून गोल मोठा करायचा आणि जी फट राहील तिच्यात आपण आडवं व्हायचं. उशाला बिऱ्हाडाची गाठोडी, पायाशी कुत्री, मधे घोंगडीवर स्वतः. मेंढरं माणसाच्या अंगावरून सहसा जात नाहीत. दाटीवाटीनं का होईना, सगळी आत बसली.

मायाक्का रोज संध्याकाळी त्याला तिथंच भाकरी नेऊन द्यायची. काळ्या मातीवर, भेगांच्या रानात तो जमिनीसरसा झोपतो हे तिला बघवत नव्हतं. "मी झोपते हितं, तू जा आत," ती म्हणायची. तो नुसता भाकरी घ्यायचा. भाकरी घेताना तिच्या तोंडाकडे बघायचा नाही. पूर्वी दिवसभराचं सगळं आईला सांगणारा हा मुलगा आता दोन शब्दांच्या वर बोलेना. मायाक्काला लांडग्याची भीती नव्हती, ह्या गप्प बसण्याची होती.

एके दिवशी कस्तुराबाईनं तिला सांगितलं, "ते उद्या वैरागला निघाल्यात. पंच गोळा करून जाऊबाईला भंडारा उचलायला लावणार म्हंत्यात. काठीला तेल लावून ठिवलंय."

 भावाच्या बायकोला चारचौघांत भंडारा उचलायला लावायचा म्हणजे काय, हे मायाक्काला ठाऊक होतं. त्यानंतर भाऊ भाऊ राहत नाही. एक तर डोकी फुटतात, नाही तर पिढ्यान्‌पिढ्या सोयरसुतक तुटतं. आणि बाळाबाई तोंडाची फटकळ असली तरी चोर नव्हती. सतरा वर्षं मायाक्कानं तिला बघितलं होतं. मग घेतली कुणी? म्हातारी त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून विचार करत राहिली. आपणच कापताना काही घोटाळा केला असेल का? आपल्याला आता कमी दिसतं. आणि वाटणी करा असं म्हणालं कोण? वाघर तोडू नको म्हणणाऱ्या थोरल्याला गप्प केलं कोणी? विचार करता करता तिला वाटलं, वाघरीचं काय झालं ते देवाला ठाऊक. पण हे भांडण कुणाच्या तरी अंगावर जाऊन थांबायला हवं. ते माझ्या अंगावर थांबलं तर बिघडलं कुठं?

भाकरी घेऊन ती गेली तेव्हा गुंडा घोंगडी झटकत होता. पश्चिमेला अजून तांबडं होतं. ती त्याच्याजवळ बसली.

"वैरागला जाऊ नगंस," ती म्हणाली. "बाळाबाईनं काय केलं न्हाय. वाघरीचा तुकडा मी काढला. माझ्या म्हातारपणाला म्हणून. अक्कलकोटाकडचा एक धनगर आला होता, त्याला इकला."

गुंडा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे बघितलं होतं.

"भंडारा उचलला होतास की गं," तो हळूच म्हणाला.

"व्हय. भ्याले मी."

तो रागावेल, भाकरी भिरकावेल, निदान दोन शब्द टाकून बोलेल असं तिला वाटलं होतं. त्यासाठी ती मन घट्ट करून आली होती. पण गुंडाचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. "मला सांगायचं की," तो म्हणाला. "मी काय खायाला घालत न्हाय व्हय तुला? एवढं भ्यायचं?" मग भाकरी मोडून त्यानं एक तुकडा तिच्या हातात दिला. "जाऊ दे. झालं ते झालं. मी कुणाला सांगत न्हाय. कस्तुरीला तेवढं सांगतो, तिच्या मनात जावंविषयी वंगाळ आलंय म्हणून. उद्या वैरागला जातोच, पर आण्णाच्या पाया पडायला." दोघांनी बसून भाकरी खाल्ली. दोन आठवड्यांनी तो आईशी पोटभर बोलला. ती उठली तेव्हा तिचं अंग हलकं झालं होतं. खोटं बोलून एवढं बरं वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला तरी गुंडा उठला नाही. कुत्री त्याच्या पायाशी कण्हत होती. मायाक्कानं हाक मारली, मग हलवलं. अंग गार पडलं होतं, पापण्या अर्धवट मिटलेल्या. हातावर घोंगडीच्या कडेशी दोन बारीक ठिपके होते, इतके बारीक की डासाचे वाटावेत. मण्यार. ती झोपल्या माणसाच्या उबेला येते आणि चावलेलं कळतसुद्धा नाही. शेताचे मालक हिंदुराव धावत आले, त्यांनी नुसती मान हलवली. अवघडलेल्या कस्तुराबाईनं जो टाहो फोडला तो बाळे गावात ऐकू गेला. मेंढरं मात्र सगळी आत होती. त्या फटीतून एकही बाहेर आलं नव्हतं.

बिरप्पा आला तोवर माती देऊन झाली होती. तो तिथंच, ओल्या ढेकळांवर पडून रडला. मग कस्तुराबाईनं त्याला नवरा शेवटच्या रात्री काय बोलला ते सांगितलं. ते ऐकून बिरप्पा उठला आणि आईसमोर उभा राहिला.

"भंडारा उचलून खोटं बोललीस," तो म्हणाला. "माझं बरं होऊ नये म्हणालीस. देवानं तुझं बरं केलं न्हाय. पर गेला तो."

 मायाक्काला स्वतःलाही तसंच वाटत होतं. देवाला काय कळतं, आधीचं खरं की नंतरचं? त्यानं दोन्ही ऐकलं असेल आणि तिचा धाकटा उचलला असेल. बाळाबाई मेंढरं न वाघर घेऊन मागोमाग येऊन पोचली होती. सुतकाचे दिवस मायाक्का शेताच्या कडेला बसून राही. हाताला काम हवं म्हणून लोकरीचा धागा काढी आणि तो तसाच टाकून देई.

अशाच एका दुपारी तिच्यासमोर धाग्याचा एक तुकडा पडला होता. तिनं उगीच त्याची टोकं जुळवून मातीवर गोल केला. जवळच लेंड्या वाळून पडल्या होत्या. लहान पोरी खेळतात तशा तिनं त्या गोलात लावल्या, ही गाभण, ही पाठ, हे कोकरू, गोल भरेपर्यंत. मग, जन्मभराची सवय, धागा दुमडून दोन सारखे तुकडे केले. लेंड्यांचेही दोन सारखे वाटे केले. एका तुकड्याचा गोल केला आणि एक वाटा त्यात लावू लागली.

निम्म्या लेंड्या बाहेर राहिल्या.

तिनं दुसरा गोल केला, दुसरा वाटा लावला. त्यातही निम्म्या बाहेर. पुन्हा धाग्याला गाठ मारून मोठा गोल केला, सगळ्या आत. पुन्हा सोडून दोन केले, पुन्हा बाहेर. कुणी काही घेतलं नव्हतं. समोर तीच होती, हात तिचेच होते. वाघर निम्मी झाली की गोल आडवाही निम्मा होतो आणि उभाही निम्मा होतो, मग आतली जागा निम्मी कशी राहील? निम्म्याची निम्मी होते. ह्या वाटणीत चोर नव्हताच. दोन टोकं जुळली होती तोवर जी जागा होती, ती तोडल्याबरोबर कुठंच उरली नव्हती. आणि तोडली तिनंच, न्यायानं, बोटभराची चूक न करता.

संध्याकाळी तिनं बिरप्पाला हाक मारली. "दोनी वाघरी जोड," ती म्हणाली. "आन तुझी न त्याची, समदी मेंढरं घाल आत."

"न्हाय मावायची," बिरप्पा म्हणाला. "दोघांचीबी मावत न्हवती. दाट होऊन मरतील."

"जोड तू."

तो बसला आणि कापलेली दोरी दोरीला बांधत गेला. मधे खुंटी ठोकली, फेरा मारला, वाघर ताणली, मेंढरं सोडली. ती एकामागून एक आत गेली, सगळी गेली, फिरून फिरून आपापल्या जागी बसली, आणि तरी मधे मोकळी जमीन दिसत राहिली. बिरप्पा मेढीला धरून उभा होता. त्यानं एकदा वाघरीच्या कडेनं पूर्ण चक्कर मारली, जणू काही कुणी मागच्या बाजूनं नवा तुकडा लावलाय. मग आईजवळ येऊन बसला.

"कुटं होती गं ही जागा?"

मायाक्कानं त्याला धागा दाखवला, लेंड्या दाखवल्या. त्याला कळायला वेळ लागला नाही. बापाचाच मुलगा तो. 

"म्हंजे तू घेतली न्हवतीस."

"न्हाय."

"मग व्हय कशाला म्हणालीस, आये? त्याला तसं सांगितलंस कशाला?"

"तो काठी घेऊन तुझ्याकडं निघाला होता," मायाक्का म्हणाली. "तुमी दोघं बोलावं, एवढंच होतं माझ्या मनात."

बिरप्पानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो मी. माफ कर," तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, पण त्याच्या शब्दांकडे तिचं ध्यान नव्हतं.

"तू मागतोयस, तुला देते की," ती म्हणाली. "तू हाईस समोर. पर त्यानं भाकरी मोडून दिली रं मला, त्या दिवशी. म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं. न केलेल्या चोरीची माफी देऊन गेला तो. ती मी आता कुणाला परत करू?"